तिचा फंड कोणता

हळदीचा भाव दिवसातून दोनदा विचारणारा माणूस मी. माझ्या हाती म्युच्युअल फंडाचा कागद द्यायलाच नको होता! पण पोरगी तिसरीत होती, "मी औषधाच्या दुकानात बसणार," म्हणायची, आणि फार्मसीचं शिक्षण काही फुकट होत नसतं. म्हणून हिंगोलीच्या एका एजंटाकडं सालाचे बारा चेक सह्या करून दिले, महिन्याला पाचशेचा एक. "दहा वर्षं याच्याकडं बघूच नका," तो म्हणाला.

बघूच नका म्हणे! आमच्या हट्टा गावच्या हॉटेलात पेपर आला की चहा बाजूला, आधी फंडांच्या भावाचं पान. थोडा चढला की भजे सांगायचो, उतरला की जेवण जायचं नाही. चार-पाच वर्षांनी तो असा घसरला की माझा जीव थाऱ्यावर राहीना.

बायको म्हणाली, "हळद पडली तर आपण दोन-दोन साल ठेवतोच की. मग ह्याच्यासाठी काहून जीव काढून राहिले?"

"हळद घरात असते. पोत्यावर हात ठेवता येतो. ह्याच्यावर कुठं हात ठेवू?"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं हिंगोलीला गेलो आणि सगळं मोडायच्या फॉर्मवर सही करून आलो. बायको लागवडीचं बेणं निवडत बसली होती. आमच्याकडं घरात मीठ नसलं तरी बेण्याची हळद कोणी विकत नाही. वर न बघता ती म्हणाली, "पोरीचं बेणं विकून आले तुमी." मला राग आला, कारण खरं होतं.

पुढं फंडाचा भाव फिरला, पार दुप्पट-तिप्पट. माझे पैसे तोवर कोरड्या बोअरमध्ये गेलेले. पेपर वाचणं मात्र सुटलं नाही. खाज, दुसरं काय! बारावीनंतर पोरीचा फार्मसीला नंबर लागला आणि फीला पैसे नव्हते. "असू द्या बाबा, डी.एड. करते," म्हणाली. एक शब्द वाकडा बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

ती शिक्षिका झाली. पहिल्या पगारापासून तिनं असाच फंड सुरू केला, आणि वर्षभरात बाजार परत कोसळला. माझा रोज फोन, "काढ बाई, काढ!" पाचव्या दिवशी म्हणाली, "बाबा, मी न्हाई काढणार. अन् कोणता फंड हे तुमाला सांगणार बी न्हाई."

तेव्हापासून मी पेपरातला फंडांचा आख्खा रकाना वाचतो, वरपासून खालपर्यंत. त्यातला तिचा कोणता, मला ठाऊक नाही.