बाबा, दादा आणि मधात टॉवर

मराठीच्या सरांनी 'आधुनिक जीवनावर तंत्रज्ञानाचा प्रभाव' यावर लिहून आणायला सांगितलं. वर्गातल्या पोरी एकदम उपग्रहापासून सुरू झाल्या. माझ्या डोक्यात मात्र नुसती घरचीच माणसं. घरात एक स्मार्टफोन आला की किस्से असे साचतात, की कोणता सांगावा अन् कोणता ठेवावा कळत नाही. सरांना काय द्यायचं ते देईन, तुम्हाला खरं सांगते.

आम्ही एकोडी गावचे, धानाची शेती करणारे. मी घरूनच साकोलीच्या कॉलेजात जाते, दादा पुण्यात कंपनीत. फोन माझा, पण वापरते जास्त आई.

रोवण्याच्या, म्हणजे धानलावणीच्या दिवसांत आई फोन प्लास्टिकच्या पन्नीत गुंडाळून कमरेला खोचते. एकदा शेतातल्या बांधीच्या चिखलातूनच तिनं दादाला व्हिडिओ कॉल लावला. त्यानं चुकून उचलला, तेही मीटिंगमध्ये. साऱ्या बाया हातातले रोपांचे पऱ्हे टाकून गोळा झाल्या अन् एकेक जण विचारू लागली, "जेवला का बाबू?" मागून कोणी साहेब म्हणाले, "ये कौन लोग हैं?"

दादा म्हणे, "सर, हेड ऑफिस."

आता मेन गोष्ट. बाबा दादाशी बोलत नाहीत. घरी आला होता तेव्हा दादा म्हणाला, "बाबा, बैलं विका, ट्रॅक्टर लावा. गुडघे कायले झिजवून राहिले?"

बाबा म्हणे, "मंग मलेही बाजारात नेऊन बांध."

दादाही तापला. "बैलं हायेत तोपर्यंत मी येत नाही," म्हणून निघून गेला. मागचा पोळा त्याच्याविनाच झाला, अन् आई त्या दिवशी जेवली नाही.

पण बोलणं बंद म्हणजे पुरतं बंद नाही. फोन स्पीकरवर असतो. बाबा मला म्हणतात, "विचार त्याले, तिकडे पाणी आला का?" दादाला ऐकू जातं. तो म्हणतो, "सांग बाबाले, आला." ते बाबांनाही ऐकू जातं. तरी मी दोन्हीकडे परत सांगायचं, नाहीतर दोघंही थांबून राहतात. दोघांच्या मधात मी टॉवर. एकदा कंटाळून उठून गेले. परत आले तर दोघंही गप्प, पण फोन कोणी कट केला नव्हता.

हवामानाचं ॲप दादानंच टाकून दिलं. अंगणात लाखोरीची डाळ वाळत होती. मी म्हटलं, "बाबा, दुपारी पाणी दाखवून राहिलं." बाबांनी आभाळ पाहिलं, "पागल झाली का?" म्हणून जेवायला बसले. थोड्या वेळानं लाखोरी अंगणात तरंगत होती. ती गोळा करता करता बाबा म्हणे, "त्याच्याच ॲपनं बोलावला." तेव्हापासून रोज चहासोबत विचारतात, "तुझ्या भावाचं मशीन काय म्हणते?"

आईला व्हॉइस मेसेजचा नाद. बटण दाबून धरते अन् कोंबड्या हाकलणंही दादाला पाठवते. एकात मागून बाबांचा खोकला गेला. दादाचा लगेच फोन, "बाबाले खोकला कधीपासून आहे? दवाखान्यात ने पहिले." नेलं. औषधही घेतलं त्यांनी. पण आता आईच्या हातात फोन दिसला की बाबा खोकलायला घरामागच्या सांदवाडीत जातात.

अन् हा किस्सा यंदाच्या पोळ्याचा. आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बैलांचे खांदे शेकतात. बाबांनी जोडी धुऊन आणली, पळसाच्या पानानं खांद्यांना हळद अन् लोणी चोळलं. मग बैलाला जेवणाचं बोलावणं द्यायचं असतं, म्हणजे आवतन. ते लहानपणापासून दादाच द्यायचा. म्हणून आईनं त्याला व्हिडिओ कॉल लावला अन् फोन माझ्या हातात दिला. "दाखव त्याले," म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

दादा नुसता पाहत होता. बाबांनी एका बैलाच्या कानाशी म्हटलं, "आज आवतन घे, उद्या जेवाले ये." दुसऱ्यालाही म्हटलं. मग हातात पान तसंच घेऊन माझ्यासमोर आले. फोनवर दादाचा खांदा दिसत होता, तिथं काचेवर त्यांनी ते पान हळूच फिरवलं.

"आज आवतन घे," बाबा म्हणाले, "उद्या जेवाले ये."

लोण्यानं दादा दिसेनासा झाला. नुसता आवाज आला.

"बाबा, मी येतपर्यंत जेवू नका."