लिव्हरपूलला नेलेली सुकट

स्वातंत्र्यानंतर काही वर्षांनी वर्तमानपत्राच्या कामासाठी मी प्रथमच विलायतेला निघालो. लिव्हरपूलमध्ये एक दिवस मोकळा मिळणार होता. संपादक म्हणाले, "शहर पाहून घ्या, पुन्हा जाणं होत नाही." पनवेलच्या घरी आईने मात्र सुकटीचे पुडके हातात दिले. थोरला भाऊ खलाशी म्हणून त्याच शहरात उतरला होता. युद्धानंतर त्याची खबर नव्हती.

मी पत्ता विचारला.

"पत्ता कशाला? बंदरावर जा नि ईचार, गव्हानच्या मिठागरवाल्याचा पोर कुठं हाय. कोनी बी सांगल."

पनवेलच्या बंदरावर कोणीही सांगितले असते. लिव्हरपूलच्या गोदीत मी दिवसभर विचारत फिरलो. लोक थांबत आणि पुडक्याचा वास येताच मागे सरत. एका वृद्ध बंगाली खलाशाने ते हुंगले, क्षणभर डोळे मिटले आणि नकारार्थी मान हलवली. शहर पाहायचे राहिले.

घरी परतल्यावर आईने पुडके हातात घेतले. सुतळीची गाठ तिनेच मारलेली, तशीच होती.

"तू नीट ईचारलाच नाय," ती म्हणाली.

मी तिची समजूत घातली नाही. मी चुकलो असेन, तरच तो सापडण्याची शक्यता उरत होती.