न खेळता जिंकलेल्या तीन फेऱ्या

शिंदखेड्याच्या कन्याशाळेत कोकिळा मॅडम बावीस वर्षं खेळ शिकवतात. त्यांनी तीन वर्षं खपून मुलींचा फुटबॉल संघ उभा केला आणि यंदा त्याचं नाव राष्ट्रीय शालेय चषकासाठी दिलं. बाद फेरीची स्पर्धा, एकदा हरलं की घरी. मॅडमना त्याची तयारी होती. न खेळताच जिंकायची मात्र नव्हती.

धुळ्याला जिल्ह्याच्या सामन्यात समोरच्या संघाच्या सहाच मुली आल्या; नियमाने किमान सात लागतात. पंचांनी घड्याळ पाहिलं, शिट्टी वाजवली आणि सामना न खेळवताच ‘पुढे चाल’ दिली. जळगावला विभागाची फेरी होती. तिथे समोरच्या संघाचे वयाचे दाखले अपुरे निघाले. परत पुढे चाल.

बसमध्ये कर्णधार दीपमालाने विचारलं, “मॅडम, आपन खेळसूत कव्हय?”

“कधी खेळणार ते मला काय विचारतेस? त्या पंचाला विचार!” मॅडम खेकसल्या.

राज्याच्या फेरीला मैदानात गुडघाभर पाणी. चिठ्ठी टाकली, ती शिंदखेड्याच्या नावाची निघाली. शाळेत हार-तुरे, फटाके. मुख्याध्यापक पितांबर सर भाषणात म्हणाले, “आपल्या मुली अजिंक्य आहेत.”

“सर, त्यांनी अजून चेंडूला पाय लावलेला नाही,” मॅडम व्यासपीठावरूनच बोलल्या. कोणी ऐकलं नाही. टाळ्या चालूच होत्या.

दिल्लीला गाठ पडली मणिपूरच्या संघाशी. पहिला गोल चौथ्या मिनिटाला बसला. मध्यंतरापर्यंत पाच. मॅडमचा घसा ओरडून बसला होता. राग मुलींवर नव्हता. एकही खरा सामना न खेळता त्यांना इथे आणून उभं केलं, त्याचा होता.

दीपमाला घामाने निथळत आली. “मॅडम, मजा ई राह्यनी!”

“मजा? पाच गोल खाल्ले आपण!”

“हा, पन त्या पोरी चेंडू येवाच्या आधीच पळतस. आम्हीबी तसंच करसूत.”

उत्तरार्धात मुली खरंच आधी पळू लागल्या. चुकत होत्या, एकमेकींवर आदळत होत्या, पण मध्यंतरानंतर एकच गोल बसला. सहा-शून्य.

परत आल्यावर पितांबर सर हळहळले, “एवढ्या जवळ येऊन गेला हो चषक!”

“कुठला जवळ?” मॅडमनी कपाळावर हात मारला. “मला चषक नको, सर. दर शनिवारी एक सामना द्या.”

सर महिनाभर ‘बघू’ म्हणत राहिले. शेवटी मॅडमनी स्वतःच दोंडाईच्याच्या एका शाळेला फोन लावला. त्यांच्या नऊच मुली आल्या. मॅडमनी आपल्या दोघी त्यांना दिल्या आणि तोंडात शिट्टी धरली. चेंडू दोनदा शेजारच्या कपाशीत गेला, तिथला शेतमालक भांडायला आला, मॅडम त्याच्याशीही भांडल्या. सामना मात्र पूर्ण झाला. दोन-दोन.