हळदीआधीचा अंतिम सामना

मुलांच्या सामन्याआधी तासभर चालणारे मोठ्यांचे सत्कार आपण मुकाट्याने का बघतो, हे तुम्ही कधी कुणाला विचारलं आहे का? मी विचारलं. त्यामुळे आमच्या मुक्ताचं बर्फावर जाणं राहिलं.

मुक्ता माझी धाकटी बहीण, वय तेरा. गेल्या वर्षी आमच्या कोपरगावात ज्युनियर आइस हॉकी लीग झाली. (कोपरगावात बर्फ फक्त गोळेवाल्याकडे मिळतो. म्हणून मुलं चाकांचे स्केट्स घालून मंगल कार्यालयाच्या फरशीवर खेळायची. नियम मात्र बर्फावरचेच!) जिंकणाऱ्या संघाला हिमाचलात खऱ्या बर्फावर खेळायला नेणार होते. मुक्ताने तयारी सुरू केली. रोज आइस्क्रीमच्या दुकानात जायची आणि फ्रीझरमध्ये कोपरापर्यंत हात घालून उभी राहायची. शेवटी दुकानदार म्हणाले, "बाई, तुला थंडीची सवय होईल, पण माझी कुल्फी पातळ व्हायला लागली!"

अडचण एकच होती. प्रत्येक सामन्याआधी शाल, नारळ, भाषण. पाहुण्यांचं झालं की पाहुण्यांना घेऊन येणाऱ्याचं. तोवर मुलं पायाला चाकं बांधून बाकावर! संध्याकाळी कार्यालय लग्नवाल्यांना द्यायचं असे, त्यामुळे सत्कारात गेलेला वेळ खेळातून कापला जाई. एका सामन्यात सत्कार पूर्ण झाले आणि सामना अर्धा.

माझं रक्त उसळलं. ते आमच्यात लवकर उसळतं. आमचे अण्णा शाळेतून निवृत्त झाले, पण पत्रकं काढण्यातून नाही. मी अक्षरं शिकले तीच 'जाहीर निषेध' या शब्दांवरून. मी एका बैठकीत पत्रक लिहिलं : 'खेळ मुलांचा, शाल कुणाची?' अण्णांनी ते वाचून फक्त उद्गारचिन्हं वाढवली.

अंतिम सामना घोडेगावशी होता. गुणांमध्ये ते पुढे होते, त्यांना बरोबरी पुरत होती. आम्हाला जिंकायलाच हवं होतं. दारात मुक्ताने माझ्या हातातला गठ्ठा पाहिला.

"ताई, आज काही करू नकोस ना."

"अगं, तुझ्यासाठीच करतेय!"

"म्हणूनच म्हणतेय."

मी खुर्चीखुर्चीवर पत्रक वाटलं. लीगचे अध्यक्ष भाऊसाहेब ते वाचत वाचतच माइकपाशी गेले. "या मुलीचं म्हणणं बरोबर आहे," ते म्हणाले. "आज एकही सत्कार होणार नाही!"

टाळ्या! मुक्तानेसुद्धा काठी फरशीवर आपटली. क्रांती इतक्या झटपट होते हे मला ठाऊकच नव्हतं.

"मात्र," भाऊसाहेब पुढे म्हणाले, "असा क्रांतिकारी विचार मांडणाऱ्या आपल्या भगिनीचा सत्कार केल्याशिवाय पुढं जाणं, हा त्या विचाराचाच अपमान ठरेल!"

"नको, नको!" मी ओरडले.

"बघा, किती हा साधेपणा!" त्यांनी माइकवर सांगितलं आणि साधेपणाबद्दल वेगळा हार मागवला. मग मला घडवणारे वडील म्हणून अण्णांना बोलावणं आलं. आयुष्यभर शाली नाकारलेले अण्णा तोवर जाकिटाची बटणं लावून तयार होते!

सत्कार झाला की सत्काराला उत्तर द्यावं लागतं. मी ठरवलं, दोन वाक्यं बोलायची आणि उतरायचं. पण समोर माणसं, हातात माइक! मी शालीच्या इतिहासापासून सुरुवात केली. सत्कार मुलांचा वेळ कसा खातात, हे मी सविस्तर, उदाहरणांसह, वेळ घेऊन सांगितलं.

घोडेगावचे प्रशिक्षक तात्या पहिल्या रांगेतून म्हणाले, "अवो ताई, आमच्या बाजारात म्हैस इकायला बी एवढं बोलत न्हाईत! पन चालू द्या, आमची काय घाई न्हाई."

एवढ्यात मुक्ता सरकत थेट व्यासपीठापुढे आली आणि काठीने भिंतीवरचं घड्याळ दाखवू लागली.

"पाहा!" मी गदगदून म्हणाले, "तरुण पिढी पेटून उठली आहे!" आणि आणखी एक मुद्दा घेतला.

सामना एकदाचा सुरू झाला. शून्य-शून्य. मग मुक्ताच्या काठीला पक, म्हणजे खेळातली ती चपटी चकती, लागला. एकीला चुकवलं, दुसरीला चुकवलं, समोर फक्त गोलरक्षक! तेवढ्यात दार उघडलं. हळदीची परात डोक्यावर घेऊन नवरदेवाचे मामा आत आले.

"ओ, आवरा की आता! हळद लावायची हाय, लई उशीर झाला!"

पंचांनी शिट्टी वाजवली. बरोबरी. घोडेगाव विजेते.

मुक्ता रडली नाही. शांतपणे स्केट्स सोडत म्हणाली, "ताई, भाषण छान झालं." आमच्या घरात इतकं वाईट कुणी कुणाला बोललेलं नाही.

घोडेगावच्या पोरी बर्फावर जाऊन आल्या. बर्फ लई गार असतो, असं तात्यांनी आम्हाला मुद्दाम फोन करून कळवलं.

यंदाची लीग सुरू होते आहे. मुक्ता पुन्हा खेळणार आहे. तेव्हा तुम्ही सामना बघायला या, आणि कुणी शाल उघडली तर जागेवरून उठा आणि 'आधी खेळ' म्हणून ओरडा. मी माइककडे निघालेली दिसले, तर मात्र ओरडण्यात वेळ घालवू नका. सरळ वायर उपटा!