साहेबासाठी झाडलेलं तळं

माझी बायको गुलाब सरकारी शब्द वालासारखे सोलायची. मोड आलेल्या वालांचं टोपलं मांडीशी घेऊन ती बचत गटाच्या बैठकीत बसायची, आणि कुणी योजनेचा कागद वाचायला लागलं की एकेका शब्दाशी थांबवायची. "थांब. मंजे आमी काय करायचं नि ते काय करणार?" दोन्ही उत्तरं मिळाली की वाल बोटांत दाबायची, साल इकडे, डाळिंबी तिकडे. उत्तर नाही मिळालं तर म्हणायची, "किडका हाय. टाक बाजूला."

ती शाळेत गेली नव्हती. मी चौथीपर्यंत गेलो, पण त्याचा आमच्या घराला काही फायदा झाल्याचं तिला कधी दिसलं नाही, आणि तसं ती चारचौघांत बोलून दाखवायची.

आमचं गाव पनवेलहून नेऱ्याकडे जाताना लागतं. गावाच्या वर एक तळं आहे. त्याचा दगडी बांध एका अंगाला खचला होता, पाणी गळून जायचं, उरलेल्यावर जलपर्णी माजायची, आणि होळी झाली की खालची विहीर तळ दाखवायची. मग टँकर, मग भांडणं. जलपर्णी ओढून काढणं बायकांच्या हातचं काम होतं, पण बांध बांधणं नव्हतं. त्यासाठी पर्यावरणाच्या योजनेतून सरकारी अनुदान मिळतं असं कळलं, आणि गुलाबनं मनावर घेतलं की डोळे मिटायच्या आत बांध उभा राहिलेला बघायचा. डोळे मिटायची घाई तेव्हा कुणालाच नव्हती, म्हणून आम्ही हसलो.

अनुदानाचे शब्द तिनं बायकांना लग्नावरून शिकवले. प्रशासकीय मान्यता मंजे मुलगी पसंत हाय. तांत्रिक मान्यता मंजे आता मुलाचा मामा येऊन परत बघणार. कार्यारंभ आदेश मंजे हळद लावा. शेजारच्या हिराबायनं विचारलं, "आनि निधी?" गुलाब म्हणाली, "तो नवरदेव. वाजंत्री येतं, वऱ्हाड येतं, जेवणं पन होतात. तो मागे कुठंतरी अडकलेला असतो."

लाभार्थी हा शब्द आला तेव्हा मी ओटीवर बसून जेवत होतो. तिनं माझ्याकडे हात केला. "ते बघा. ताट समोर येतं, कुठून आलं ते विचारत नाय, नि मीठ कमी हाय ते मातर सांगतं. तो लाभार्थी." बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मीठ खरंच कमी होतं. पण मी बोललो नाही.

अर्ज गेला. शब्द होता 'तळ्याचे पुनरुज्जीवन'. कचेरीतून निरोप आला की साहेब पाहणीला येणार. आता आमच्यात पाहुणा येणार म्हटलं की काय करतात? घर झाडतात. बायकांनी तळं झाडलं. कमरेएवढ्या पाण्यात उतरून सगळी जलपर्णी ओढून काढली, काठ शेणानं सारवला, पायवाटेला रांगोळी घातली. बांधातून गळणारं पाणी वाटेवर येत होतं, साहेबाचे बूट भिजतील म्हणून हिराबायनं तिथं गोणपाट आणि चिखल ठासला. एवढं चांगलं ते तळं मी माझ्या लग्नातसुद्धा बघितलं नव्हतं.

साहेब तरुण होता, मऊ बोलणारा. फोनवर चारी बाजूंनी फोटो काढले, चहा घेतला, आणि म्हणाला, "आजी, तळं तर छान आहे. यात समस्या कुठे आहे?"

"साहेब, तुमच्यात पावना येनार असला तं केर तसाच ठेवतात काय?"

तो हसला. पण योजना मृतप्राय तळ्यांसाठी होती, आणि हे तळं त्याच्या फोनमध्ये अगदी ठणठणीत दिसत होतं. गुलाबनं त्याला बांध दाखवला. बांध गळत नव्हता. गोणपाट काढून दाखवा म्हणावं, तर साहेबाची गाडी वळली होती. पंधरवड्यानं कागद आला: सद्यस्थिती समाधानकारक, सबब प्रस्ताव अपात्र.

हिराबाय म्हणाली, जलपर्णी काठावरच पडली आहे, परत ढकलू आत. मीही म्हणालो, ढकला. चार म्हशी पण सोडा, साहेबाला घाण पाहिजे तर घाण देऊ. गावात पहिल्यांदाच सगळ्यांचं एकमत झालं होतं.

गुलाबनं टोपलं बाजूला ठेवलं. "पोराचं तोंड धुतलं म्हनून शाळेत घेतलं नाय, तं परत शेंबडं करायचं काय? मी नाय करायची." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एसटी धरून पनवेलला कचेरीत गेली. मला बरोबर नेलं, कारण तिला कचेरीतल्या पाट्या वाचता येत नव्हत्या. माझ्या चौथीचा तेवढा एक उपयोग.

साहेबासमोर खुर्चीत बसून तिनं आधी पुनरुज्जीवन सोलायला घेतलं. साहेब म्हणाला, "म्हणजे मेलेलं परत जिवंत करणं."

"नि जितं हाय, पन आजारी हाय, त्याचं काय?"

"त्याला संवर्धन. तो वेगळा अर्ज. पण तिकडे निधी कमी, म्हणून कुणी मागत नाही."

"मंजे सगली गावं आपलं तळं मेलं मेलं सांगत येतात?"

साहेबानं उडणारे कागद हातानं दाबून धरले. पंखा जोरात फिरत होता.

"मला जित्याचा द्या," ती म्हणाली. "नि आमी घाण काढली, ती लोकसहभागात धरा."

साहेबानं मान हलवली. मंजुरीच्या आधी झालेलं काम धरता येत नाही. गुलाबनं त्याच्याकडे शांतपणे बघितलं. "मंजे आधी केलं, म्हनून केलंच नाय."

"नियमाप्रमाणे तसंच, आजी."

परतताना एसटीत ती खिडकीकडे तोंड करून हसत होती. म्हणाली, "अवो, मी तुमच्याकडे नांदायला आले तवापासून सगलं मंजुरीच्या आधीच केलं. कशातच धरलं नाय जायचं." मी म्हणालो, गप बस, लोक बघतात.

संवर्धनाचा अर्ज गेला. दिवाळीनंतर तिला दम लागायला लागला. पनवेलच्या दवाखान्यात खाटेवर पडून ती मला रोज एकच विचारायची, "मामा येऊन गेला का?" डॉक्टरला वाटलं, माहेरचं कुणी यायचं आहे. तो म्हणाला, असतील त्यांना बोलावून घ्या. मी त्याला तांत्रिक मान्यता समजावत बसलो नाही. मान्यता आली तेव्हा तिचा बारावा होऊन गेला होता. नवरदेव त्याच्याही नंतर आला.

बायकांनी लोकसहभागाचे दगड वाहिले, या वेळी मंजुरीनंतर. बांध झाला. पावसात तळं भरलं, पुढची होळी होऊन गेली तरी विहिरीत पाणी राहिलं. साहेब फलक लावायला आला, त्यानं बायकांत नजर फिरवली आणि विचारलं, "त्या आजी कुठे आहेत?"

"गेली," मी म्हणालो.

त्यानं चहा तसाच खाली ठेवला. थोड्या वेळानं सहीचा शेवटचा कागद काढला. त्यात लिहिलं होतं, पुढील देखभाल लाभार्थ्यांनी करावी. सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. मग मलाच विचारावं लागलं, "मंजे आम्ही काय करायचं नि तुम्ही काय करणार?"

"तुम्ही रोज येऊन बघायचं. पान दिसलं की काढायचं, दगड हलला की बसवायचा."

"आणि तुम्ही?"

"देखभालीला निधी नसतो, आजोबा. ती आपली आपण करायची असते. कुठे दाखवता येत नाही."

मी सही केली.

आता सकाळी चहा मीच करतो. कधी साखर विसरतो, आणि सांगायला कुणी नसतं, म्हणून तसाच पितो. मग दाताळं घेऊन तळ्यावर जातो. जलपर्णीचं एक पान दिसलं तरी ओढून काढतो. हिराबाय पाण्याला आली की विचारते, "भाऊजी, रोज रोज काय बघायला येता इथं?"

"लाभार्थी हाय मी," मी सांगतो, आणि पुढचं पान ओढतो.