बघून व्हय म्हण

आमच्या कलबुर्गीच्या दवाखान्यात दोन सर्व्हर आहेत. एक बंद पडला की दुसऱ्यानं काम उचलायचं. त्यासाठी दोन्हींच्या सेटिंगच्या फाइली जुळाव्या लागतात. ते काम माझ्यासोबतच्या जुन्या-जाणत्या अप्पांचं. एक फाईल कागदावर छापून, ओळीखाली फूटपट्टी धरून ते मोठ्यानं वाचतात. दुसरी माझ्या स्क्रीनवर. मी प्रत्येक ओळीला 'व्हय' म्हणायचं.

"बघून व्हय म्हण बाबा," एवढंच ते दर पानाला बजावायचे.

उन्हाळ्यात पहिला सर्व्हर बंद पडला आणि दुसरा उठलाच नाही. एक आकडा जुळत नव्हता. केसपेपरच्या खिडकीपुढं माणसं दुपारपर्यंत ताटकळली. साहेबांनी विचारलं तेव्हा अप्पा म्हणाले, "वाचताना मीच चुकलो सर." मी शेजारीच उभा होतो.

पुढच्या तपासणीत वाचता वाचता ते थांबले.

"आत्ता मी वाचलेली ओळ कुठल्याच फाइलीत न्हाई. तू व्हय म्हणलास."

आवाज चढला नाही. फूटपट्टी उचलून त्यांनी पहिल्या ओळीवर ठेवली.

आता दोन्ही फाइली ते स्वतःपुढं घेतात. स्वतःच वाचतात, स्वतःच व्हय म्हणतात. शेवटी नियमानं लागणाऱ्या दुसऱ्या सहीसाठी कागद तेवढा माझ्याकडं सरकवतात.

मी सही करतो.