गार उजेड

माझ्या नाटकातल्या नवऱ्याला दिसत नव्हतं, आणि हे आमच्या अख्ख्या संचात फक्त मला माहीत होतं. काचबिंदूनं त्यांची नजर खाऊन टाकली होती. रंगमंचावर मी त्यांची बायको, विंगेत आले की त्यांना दादा म्हणायची. "कुणाला बोललीस तर माझं मेलेलं तोंड बघशील," अशी शपथ घातली होती त्यांनी. दिग्दर्शकाला कळलं असतं तर भूमिका गेली असती, आणि भूमिका गेल्यावर हा माणूस उरला नसता. मग काय, बसले मूग गिळून.

रंगमंचावर ते चालायचे कसे? धगीवर. वरच्या हॅलोजनची धग लागून कपाळ तापलं की थांबायचं, कारण त्याच्या जरा पुढं रंगमंचाची कड. एवढ्या आधारावर ते तरातरा प्रेक्षकांच्या तोंडावर जाऊन उभे राहायचे. लोक म्हणायचे, काय धाडसी नट हाय!

त्या रविवारी दुपारचा प्रयोग होता. आमचा लाइटवाला वाळूजच्या कारखान्यात शिफ्ट करून नाटकाचं वेड जपणारा. स्वारी जाम खुशीत. नाट्यगृहातले जुने दिवे उतरवून एलईडी लावले होते.

"काकू, अब मेकअप वितळणार नाय! एकदम ठंडा लाइट. अन् पुढं बघा, लाइट आपोआप नटाच्या मागं फिरंल. नट जिकडं जाईल, आवाजबी तिकडूनच यील."

मी घाईत कुंकू लावत होते. "लई भारी," म्हटलं. ठंडा म्हणजे काय, ते टाळक्यात शिरलंच नाही.

शिरलं ते दुसऱ्या अंकात. नाटकात मी नवऱ्याशी अबोला धरलेली बायको. शेवटी एकच वाक्य, "बास झालं, फिरा मागं!" आणि पडदा. त्या वाक्यासाठी अख्खं नाटक ओठ शिवून बसायची मी. तर मी बाजेवर बसलेली, आणि दादा भांडत भांडत पुढं निघाले. कपाळ पुढं करून धग शोधत होते. उजेड लख्ख, पण धगीचा पत्ता नाय. त्यांची थांबायची जागा आली अन् गेली. तोंड चालू, पाऊलही चालू. पुढं कड, खाली फरशी. उठून धरावं तर सगळं उघडं पडणार, न धरावं तर म्हातारा डोक्यावर पडणार. अगं आई गं! त्यांनी आणखी एक पाऊल उचललं.

"बास झालं! फिरा मागं!"

पाऊल तिथंच थांबलं. दादा वळले, माझ्या आवाजाच्या अंदाजानं सरळ चालत आले आणि बाजेला हात लागल्यावर बसले. विंगेतून दिग्दर्शक माझ्यावर डोळे वटारून उभा होता. वटार बाबा, म्हटलं.

शेवटचा प्रवेश आला. माझ्या वाक्याची जागा आली, आणि माझ्याकडं वाक्यच उरलं नव्हतं. मग दादाच हळूच म्हणाले, "बोललीस की मघाशी. तवाच फिरलो मी."

पडदा पडला. बाहेर टाळ्या वाजत होत्या आणि आत मी हमसून हमसून रडत होते.

"काय खेळ लावलाय तुम्ही?" दिग्दर्शक तणतणत माझ्याच अंगावर आला. पाठोपाठ लाइटवाला धावत आला. "दादा, लाइटचा काही प्रॉब्लेम झाला का?"

मी दादांचा हात गच्च दाबला, गप्प बसा म्हणून. त्यांनी तो सोडवून घेतला.

"उजेड झकास हाय रे पोरा. नटाच्या मागं फिरणाराबी आण. फक्त पुढं कड आलीय, एवढं आंधळ्या नटाला कळंल असं कायतरी कर."